बाबांच्या डायरीतला कार्टर

मे महिन्यात घर आवरायला वर्ध्याला गेले होते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांच्या खोलीतलं लाकडी कपाट कुणी उघडलं नव्हतं. शेवटी ते काम माझ्या वाट्याला आलं. कपाटात काय असणार हे ठाऊक होतं. औषध कंपन्या नवीन वर्षाला डॉक्टर लोकांना जाड पुठ्ठ्याच्या डायऱ्या देतात ना, त्या. मोजल्या तर एकतीस निघाल्या.

घरातल्या वाचणाऱ्यांना हे सगळं माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. बाबा साधे जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, आणि आठवड्यातला जो एक दिवस दवाखाना बंद, त्या दिवशी स्कूटर काढून बोरच्या जंगलाकडे नाहीतर कारंजा घाडगेच्या टेकड्यांकडे. कुठे गेलात, काय पाहिलंत असं विचारलं तर "फिरून आलो" एवढंच उत्तर. जे पाहिलं ते रात्री डायरीत दोन ओळी लिहायचे. डॉक्टरी अक्षर, त्यात शाईचं पेन. आम्ही कधी वाचायच्या भानगडीत पडलो नाही.

आत्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कायले ठिवून राह्यली वं बाई हा पसारा? रद्दीवाल्याले दे न." तिचं चूक नव्हतं. माझं पुण्यातलं घर दोन खोल्यांचं. मीही मनातून तेच म्हणत होते. द्यायच्या आधी एक तरी चाळावी म्हणून मधलीच एक ओढली. मार्च महिन्याचं पान उघडलं. "सालई. पान एकही नाही. फुलं सुरू. मधमाश्या भरपूर." आणि खाली, वेगळ्या शाईत, बहुतेक नंतर कधीतरी लिहिलेलं: "सालई म्हणजे लोबान का? कार्टर कोण?"

बस्स, एवढंच. पुढच्या पानावर पुन्हा पक्षी. प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. मी उरलेल्या डायऱ्या रात्रीपर्यंत चाळल्या, कार्टर पुन्हा भेटला नाही. बाबांनी कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आता एक प्रश्न सापडला, तर तो विचारायला ते नाहीत. म्हटलं, आपण शोधू.

सुरुवातीलाच फसले. मुंबई, डॉक्टर, कार्टर असं शोधल्यावर पहिला सापडला तो हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकीच्या मुलांना 'ग्रेज् ॲनाटॉमी' हे पुस्तक माहीत असतं, १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं ह्याच माणसाने काढलेली. त्याच वर्षी तो मुंबईला आला आणि पुढे कुष्ठरोग वगैरेंवर काम केलं. मला वाटलं झालं, सापडला. बाबांच्या शेल्फात ते पुस्तक होतंच. पण त्याचा सालईशी काही केल्या संबंध लागेना. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्याच काळात, त्याच मुंबईत, दुसराही एक डॉक्टर हेन्री कार्टर होता. हेन्री जॉन कार्टर. मला हवा होता तो हा.

हा कार्टर १८१३ साली इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हनमधल्या बडली सॉल्टर्टन नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावात जन्मला. शल्यवैद्य झाला आणि १८४२ मध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत मुंबईला आला. १८४४ मध्ये त्याची नेमणूक 'पॅलिन्यूरस' ह्या जहाजावर झाली. हे कंपनीच्या आरमाराचं सर्वेक्षणाचं जहाज. कॅप्टन सँडर्सच्या हाताखाली अरबस्तानचा आग्नेय किनारा मोजायचा, पाण्याची खोली घ्यायची, खडक कुठे, नांगर टाकायला जागा कुठे ते नकाशावर मांडायचं, असं काम. मुंबई ते सुएझ ह्या वाटेवर आगबोटी सुरू झाल्या होत्या, एडन १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं होतं. तेव्हा ही मोजणी कशासाठी चालली होती हे सांगायला नको. राज्य चालवायला नकाशे लागतात.

कार्टरची नेमणूक खलाशांच्या तब्येतीसाठी. पण जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने हळूहळू सरकणारं, आणि तो किनाऱ्यावर उतरून हिंडणारा. १८४६ पर्यंत त्याने काय काय टिपलं ते पाहून मी थक्क झाले. किनाऱ्याच्या कड्यांमधले दगडाचे थर. धोफार भागातले अल-बलीद ह्या जुन्या बंदराचे भग्न अवशेष. तिथल्या महरा आणि गारा ह्या जमातींची माहिती. महरी भाषा बोलली जायची, लिहिली जात नव्हती, तर ह्याने तिच्या शब्दांची यादी करून छापली. आज महरी ही धोक्यात आलेल्या भाषांमध्ये गणली जाते, म्हणजे त्या यादीची किंमत आता कळते.

आणि ह्याच फिरतीत त्याने लोबानाचं झाड पाहिलं.

इथे आपल्या सालईचा संबंध येतो. जरा मागे जावं लागेल. लोबान म्हणजे इथे मला अरबस्तानचा धुपाचा डिंक म्हणायचाय. आपल्या बाजारात लोबान म्हणून दोन-तीन वेगवेगळे डिंक खपतात ती गोष्ट वेगळी. हा अरबी डिंक हजारो वर्षं रोमपासून चीनपर्यंत जात होता, देवळांत, चर्चमध्ये जळत होता. पण तो कुठल्या झाडाचा हे युरोपातल्या लोकांना नीट माहीत नव्हतं. त्यातून घोळ असा, की अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरचा माल गलबतांनी मुंबईला यायचा, मुंबईत निवडून प्रतवारी व्हायची आणि मग तो युरोपला जायचा. तिकडच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा हिंदुस्थानचाच माल.

मग १८०७ च्या सुमारास हेन्री कोलब्रुकने एक निबंध लिहिला. हा मोठा संस्कृत पंडित, आणि गंमत म्हणजे त्याआधी काही वर्षं नागपूरला भोसल्यांच्या दरबारी कंपनीचा वकील म्हणून राहून गेलेला. त्याने कोश काढले. संस्कृतात 'कुंदुरु', अरबीत 'कुंदुर'. कुंदुरु म्हणजे शल्लकीचा डिंक, शल्लकी म्हणजे सालई. म्हणजे जगप्रसिद्ध लोबान हा आपल्या सालईचा! झाडाला शास्त्रीय नावही तेव्हाच मिळालं, बॉस्वेलिया सेराटा. युक्तिवाद इतका बिनतोड की पुढची कितीतरी वर्षं पुस्तकांतून तेच छापलं जात होतं. बाबांनी कुठल्यातरी जुन्या पुस्तकात तेच वाचलं असणार, म्हणून तो प्रश्न.

सालई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी. विदर्भातल्या कोरड्या, मुरमाड टेकड्यांवर, जिथे सागही खुरटतो, तिथे ती उभी असते. कागदासारखी सोलून निघणारी साल, उन्हाळ्यात एक पान नाही, आणि त्या उघड्या फांद्यांवर बारीक पांढरट फुलं. खोडाला घाव घातला की डिंक येतो. जाळला तर वास छान येतो. आमची आजी गुरुवारी निखाऱ्यावर टाकायची तो हाच. सांधेदुखीवर 'शल्लकी' म्हणून गोळ्या मिळतात त्याही ह्याच्याच. म्हणजे सालई धुपाचं झाड आहेच. फक्त अरबस्तानच्या लोबानाचं झाड ती नाही, तिची लांबची बहीण आहे.

हे कळायला कोणीतरी तिकडे जाऊन झाड पाहणं भाग होतं. कार्टरने ते केलं. त्याने झाडाचं वर्णन केलं, चित्र केलं, आणि परत आल्यावर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये ते छापलं. नाव मात्र दिलं नाही. 'अरबस्तानच्या लोबानाच्या झाडाचं वर्णन' एवढंच. नाव देणं हे वनस्पतिशास्त्रज्ञांचं काम, ते त्यांनी करावं, असा बहुधा विचार असेल. १८६७ मध्ये फ्लुकिगर ह्या शास्त्रज्ञाने त्याला बॉस्वेलिया सॅक्रा म्हटलं. १८७० मध्ये मुंबईच्या जॉर्ज बर्डवुडने सोमाली किनाऱ्यावरून आणून भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, लावलेल्या झाडावरून एक जात वर्णिली आणि तिला कार्टरचं नाव दिलं, बॉस्वेलिया कार्टेरी. बाबांना भेटलेला कार्टर तो हा. आता गंमत बघा. आज पुष्कळ वनस्पतिशास्त्रज्ञ ही दोन्ही झाडं एकच मानतात, आणि नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं. म्हणजे कार्टरचं नाव गळालं. धुपाच्या आणि अत्तराच्या बाटल्यांवर अजून दिसतं तेवढंच.

आणि एक गोष्ट ह्यात लिहायलाच हवी. ते झाड कुठे आहे, घाव कधी घालायचा, डिंक किती दिवसांनी काढायचा हे तिथल्या डोंगरातल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. कार्टरने 'शोधलं' ते आपल्या पुस्तकांसाठी. त्याला झाडापर्यंत घेऊन गेलेल्या कुणाचं नाव कुठल्या झाडाला मिळालेलं नाही. आपल्याकडे सालईला घाव घालणाऱ्या माणसांचंही तेच.

असो. जहाजावरून परत आल्यावर कार्टर मुंबईत राहिला, आणि मला विचाराल तर त्याचं खरं काम इथे सुरू झालं. दूरदेशीचा प्रवास संपला आणि हा माणूस मुंबईच्या तलावांकडे वळला. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं आज फक्त नावं आहेत, तेव्हा मुंबईत खरोखर तलाव होते. त्यांच्या पायऱ्यांवर, बुडालेल्या काटक्यांवर एक करडी-हिरवी खपली धरते. लहानपणी आमच्याकडे तळ्याचं पाणी उतरलं की दगडांवर तशीच खपली दिसायची, हात लावला की खाज सुटायची. आम्ही तिला वाळलेलं शेवाळ समजायचो. ते शेवाळ नसावं, गोड्या पाण्यातला स्पंज असावा, हे मला ह्या वर्षी कळलं.

त्या काळी स्पंज हा प्राणी की वनस्पती ह्यावरच वाद होता. कार्टरने तलावातले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. पाण्यात रंगाचे कण सोडून ते स्पंज आत ओढून घेतो का ते पाहिलं. स्पंज खातो, म्हणजे तो प्राणी आहे. १८४८-४९ मध्ये मुंबईच्या तलावांतल्या स्पंजांवर त्याचे लेख आले, त्यातल्या अल्बा, सिनेरिया, प्लुमोझा ह्या जाती त्यानेच पहिल्यांदा वर्णिल्या. एका जातीला तो जुनंच नाव लावत होता, ती वेगळी निघाली. मग १८६३ मध्ये बोअरबँक नावाच्या शास्त्रज्ञाने तिला कार्टरचं नाव दिलं. ते नाव मात्र टिकलं. भारतभरच्या तळ्यांत हा स्पंज सापडतो.

त्याने ह्या स्पंजांच्या बियांसारख्या बारीक गाठीही नीट अभ्यासल्या. उन्हाळ्यात तळं आटतं, स्पंज मरतो, पण खपलीत ह्या मोहरीहून बारीक गाठी शिल्लक राहतात. ऊन सोसतात. पाऊस पडून पाणी चढलं की त्यांच्यातून पुन्हा स्पंज वाढतो. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना ह्यात काय विशेष आहे ते कळेल.

बाकीचं भराभर सांगते. मुंबई बेटाच्या भूगर्भावर १८५२ मध्ये लेख. वरळीला काळ्या दगडाच्या थरांमध्ये गाडल्या गेलेल्या कासवाचं वर्णन त्यानेच केलं आणि ते सापडवून देणाऱ्या डॉ. लीथचं नाव त्याला दिलं. पुढे १९५३ मध्ये त्या कासवाची प्रजातीच कार्टरच्या नावाने ओळखली जाऊ लागली, कार्टेरेमिस. १८५७ मध्ये सरकारसाठी त्याने पश्चिम हिंदुस्थानच्या भूगर्भावरचे इतरांचे विखुरलेले लेख गोळा करून एक जाडजूड पुस्तक केलं. १८५९ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो. १८६२ मध्ये नोकरी संपवून तो आपल्या गावी परतला. १८७२ मध्ये रॉयल मेडल मिळालं. घरी बसून तो जगभरातून लोकांनी पाठवलेले स्पंज तपासत राहिला, 'पॉर्क्युपाइन' जहाजाने खोल समुद्रातून काढलेलेसुद्धा. १८९५ मध्ये तिथेच वारला.

इतकं वाचून झाल्यावर मी थांबणार होते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पण कार्टरच्या कामांच्या यादीत १८५८ चं एक नाव दिसलं आणि मी ताठ बसले. हिस्लोपिया लॅकस्ट्रिस. गोड्या पाण्यात शिंपल्यांवर वगैरे चिकटून वसाहत करणारा एक अगदी चिमुकला जीव. कार्टरने तो पहिल्यांदा वर्णिला. मूळ ठिकाण नागपूर. आणि नाव दिलं ते स्टीफन हिस्लॉपचं.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून आमच्या घरातली किमान चार माणसं शिकली. हिस्लॉप हा १८४५ मध्ये नागपूरला आलेला स्कॉटिश मिशनरी. शाळा चालवायचा, आणि उरलेल्या वेळात दगड, जीवाश्म, शिंपले गोळा करायचा, गोंड लोकांची गाणी आणि माहिती उतरवून घ्यायचा. म्हणजे पुन्हा तेच, पोटाचं काम एक आणि डोळ्यांचं काम दुसरं. सप्टेंबर १८६३ मध्ये तो टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहायला चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलबरोबर गेला होता. परतताना रात्री बोरीजवळ पाणी चढलेल्या ओढ्यात बुडून वारला. बोरी म्हणजे आपलं बुटीबोरी. वर्धा-नागपूर करताना आपण तिथे चहाला थांबतो.

त्याचे गोंडांवरचे कागद अर्धवट राहिले होते. टेंपलने ते गोळा केले, नीट लावले आणि १८६६ मध्ये छापले. नसते छापले तर बुडालेल्या माणसाबरोबर तेही गेले असते. आज मध्य भारतातल्या आदिवासींवर काम करणाऱ्याला ते पुस्तक टाळता येत नाही.

हे वाचलं तेव्हा डायऱ्यांचा गठ्ठा माझ्या समोरच्या टेबलावर होता. रद्दीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता.

आजवर मला वाटायचं, बाबांचं हे फिरणं म्हणजे एक छंद, त्यांच्याबरोबर संपला. कार्टर आणि बाबांची बरोबरी करायची नाहीये. कार्टरकडे सूक्ष्मदर्शक होता, सोसायटी होती, पाठीशी कंपनी सरकार होतं. पण एक फरक नुसता साधनांचा नाही. कार्टर जे पाही ते लिहून दुसऱ्याच्या हाती देई. झाडाला नाव सुचलं नाही तरी वर्णन छापलं. स्पंजाचं नाव चुकलं तरी नमुना आणि लेख होता, म्हणून दुसऱ्याला चूक सापडली. हिस्लॉपने नागपूरचा चिमुकला जीव मुंबईला पोचू दिला. बाबांनी एकतीस वर्षं पाहिलं, लिहिलं, आणि कपाटात ठेवलं. संकोच असेल. "आपण कोण सांगणार," असं ते नेहमी म्हणायचे. आणि आम्ही घरातल्यांनीही कधी म्हटलं नाही की दाखवा बरं काय लिहिलंय. त्यात माझाही वाटा आहे, आणि तो मला त्या रात्री चांगलाच टोचला.

रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं दिली. डायऱ्या पुण्याला आणल्या. बॅगेत मावेनात म्हणून कपडे तिथेच ठेवले, ते आत्याने कुरिअर केले.

आता रोज रात्री थोडं थोडं टाइप करते. अक्षर लागायला वेळ लागतो. पक्ष्यांच्या जुन्या तारखांच्या नोंदी ईबर्डवर भरता येतात, त्या भरायला सुरुवात केली आहे. सालईच्या नोंदी वेगळ्या काढल्या. एकतीसपैकी बावीस वर्षं फुलं कधी सुरू झाली त्याची तारीख आहे, एकाच टेकडीवरच्या त्याच दोन झाडांची. ह्या नोंदी कुणाच्या उपयोगाच्या आहेत की नाहीत, मला कळत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी वनस्पतिशास्त्रवाले असाल तर सांगा, मी अख्खा तक्ता पाठवते. चुका असतील तर त्याही सापडू देत.

त्या मार्चच्या पानावर, बाबांच्या प्रश्नाखाली, पेन्सिलीने उत्तर लिहून ठेवलंय. "नाही बाबा, सालई म्हणजे लोबान नाही, बहीण आहे. कार्टर डॉक्टर होता, जहाजावरचा." आणि तारीख घातली.

आत्याचा परवा फोन आला होता. म्हणाली, "त्या वह्यांत माह्याबद्दल बी काही लिवलं हाये का वं?" अजून तरी सापडलं नाही. सापडलं की कळवेन.